काळुरामाची अमेरिका

मी अमेरिका बोलतोय. दचकू नका. मी तो देश नव्हे, तिथला कोणी साहेबही नव्हे. मी डाव्या पायाचा एक बूट आहे. डोंबिवली स्टेशनाहून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर काळुराम भोईर यांचं चहाचं दुकान आहे. तिथल्या भिंतीवर मी कित्येक वर्षं एका खिळ्याला टांगलेला होतो, आणि तिथेच माझं हे बारसं झालं. माझा उजवा भाऊही माझ्यासोबत असतो, पण तो जन्माचा मुका. तेव्हा दोघांचंही मीच सांगतो. जरा घाईने सांगतो, कारण माझा तळ पुढून सुटत चाललाय आणि बूट एकदा आ वासून बसला की त्याचं कोणी ऐकत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यातला. लढाईचे दिवस होते. आमच्यासारखे हजारो बूट रोज शिवून निघत. मी एका उंच शिपायाच्या पायात गेलो, बोटीत बसलो आणि कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पोचलो. तो शिपाई मला रोज पॉलिश करायचा. मला वाटलं, हा आपला जन्माचा सोबती. लढाई संपली, त्याला नवे बूट मिळाले, आणि तो आम्हांला बराकीतल्या खाटेखाली टाकून घरी निघून गेला. जाताना त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. माणसाचा पाय किती लवकर परका होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढे देशाची फाळणी झाली आणि त्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले. त्यातल्या एका म्हाताऱ्याने आम्हांला झाडून पुसून, गोणपाटावर मांडून विकायला ठेवलं. जुने तवे, पत्र्याचे मग, पट्टे आणि आम्ही. एके दिवशी पंधरा-सोळा वर्षांचा एक काळासावळा पोरगा आमच्यासमोर उकिडवा बसला. त्याने उजव्या बुटाकडे पाहिलंही नाही. सरळ मला उचललं आणि डावा पाय आत घातला.

तो पाय मी विसरणार नाही. मिठागरात वाढलेला पाय होता तो. टाच दगडासारखी, बोटं फाकलेली, आणि तरी आत घालताच कसा जिवंत! तो चालताना डाव्या पायावरच भार देत होता. डावखुऱ्या पायाचा खेळाडू कसा असतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण हा पाय माझ्यासाठीच वाढला आहे एवढं मात्र कळलं. त्याचं नाव धाकू. काळुरामाचा धाकटा भाऊ.

धाकू आम्हांला छातीशी धरून दुकानात आला, आणि काळुरामाने कप विसळता विसळता विचारलं, "यो काय आनलास रं?"

"बूट हाय दादा. फुटबॉलसाठी."

"फुटबॉलसाठी बूट? आयला, मंग पोहायला काय घालशील, कोट?"

दुकानातली माणसं खो खो हसली. धाकू मान खाली घालून उभा राहिला. काळुरामाने आम्हांला उलटंपालटं करून पाहिलं, तळाला कोरलेली इंग्रजी अक्षरं कोणाकडून तरी वाचून घेतली आणि जाहीर केलं, "अमेरिका! बरी घावली. हिला हितंच टांगतो. रोज दोन शब्द ऐकवायचे हायत हिला."

त्याच दिवशी भिंतीत खिळा ठोकला गेला.

आता काळुरामाविषयी सांगायला हवं, कारण त्याच्याइतका रोखठोक माणूस मी दोन खंडांत पाहिला नाही. तरुणपणी तो ठाकुर्लीला रेल्वेत हमाली करायचा. तिथे गोरे साहेब फुटबॉल खेळत, ते पाहून त्याने आपल्या गावच्या मीठकाम करणाऱ्या पोरांचा एक संघ उभा केला. एकदा त्या अनवाणी पोरांनी बूटवाल्या साहेबांना एका गोलने हरवलं होतं. तो गोल काळुरामाचा. त्या गोलाच्या जोरावर पुढची वीस वर्षं त्याने जगातल्या प्रत्येक संघाला अक्कल शिकवली.

सकाळी पेपर आला की दुकानात वाचन सुरू व्हायचं. ऐकणाऱ्यांना अक्षरओळख नव्हती, आणि काळुराम वाचता वाचता आपलं मतही मिसळायचा. बातमी कुठे संपली आणि काळुराम कुठे सुरू झाला, हे कोणालाच कळत नसे. लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपली पोरं बहुतेक अनवाणी पायांनी फ्रान्सशी खेळली आणि थोडक्यात हरली, दोन पेनल्ट्या वाया घालवल्या, तेव्हा तो आठवडाभर धुमसत होता.

"पेनल्टी मारनाऱ्यानं कीपरच्या डोल्यांत बगू नये," तो टेबलावर मूठ आपटून म्हणायचा. "बगला का मेला. बॉल बगायचा. बॉल दिसला का गोल दिसला."

आणि मग माझ्याकडे वळायचा. "तू काय बगतंस गो अमेरिके? तुझ्याकडं तर हत्ती आनि गाढव निवडनुकीला उभं रातात. आमची मतपेटीवरली बैलजोडी बरी. निदान नांगर तरी वढते."

कोरियात लढाई पेटली, माझ्यावर शिव्यांचा पाऊस. आपल्याकडे धान्याची टंचाई होती आणि तिकडच्या सभागृहांत गहू द्यायचा की नाही यावर महिनोन्‌महिने खल चालला होता, तेव्हा तर काळुराम मला खिळ्यावरून उतरवून समोर टेबलावर ठेवायचा आणि विचारायचा, "भुकेल्याला ताट दावून मंग वाद घालतंस? देयाचं त दे, नाय त जा उडत!" मी काय बोलणार? मी गाईच्या कातड्याचा. गव्हाशी माझा संबंध एवढाच की ती गाय कधीतरी गव्हाच्या शेतात शिरली असेल. पण खरं सांगतो, त्या शिव्यांत मला माया वाटायची. घरातल्या माणसाशिवाय कोणी कोणाला इतकं मनापासून रागावत नाही.

माझं दुःख वेगळं होतं. रोज संध्याकाळी धाकू खेळायला निघायचा तेव्हा माझ्यासमोर क्षणभर थांबायचा. वर हात करायचा, माझ्या टाचेला बोट लावायचा आणि अनवाणीच निघून जायचा. घाल ना रे मला, मी आतल्या आत ओरडायचो.

त्याचं कारण आगराचा रिवाज. मिठाचा आगर कसा बनतो ठाऊक आहे? पावसाळा सरला की माणसं आगरातल्या चिखलात रांगेने उभी राहतात आणि उघड्या पायांनी तो तुडवतात. दिवसच्या दिवस. पायाने तुडवून तुडवून तळ असा घट्ट होतो की त्यावर पांढरंशुभ्र मीठ बसतं. त्या तळावर जोडा घालून कोणी उतरायचं नाही. मीठ म्हणजे लक्ष्मी. जोडा घालून आगरात जाणं म्हणजे जोडा घालून देव्हाऱ्यात शिरणं. गावात सपाट जागा एकच होती, एक जुना पडीक आगर. बांध फुटल्यापासून तिथे मीठ पिकत नव्हतं, पण तळ पाटीसारखा टणक आणि वरून पांढरा. काळुरामाचा संघ तिथेच खेळायचा.

"दादा, यो आगर त मेलाय," धाकू एकदा धीर करून म्हणाला. "हितं घातलं बूट त काय झालं?"

"मेला तरी आगरच ना? बापूस मेला म्हनून त्याच्या छातीवं जोडा ठेवशील?"

बाप म्हटलं की त्या घरात सगळे गप्प होत. त्यांचा बाप आगरातच राबला होता. उन्हात चकाकणाऱ्या मिठाकडे पाहून पाहून त्याच्या बुबुळांवर मांस चढलं, आणि शेवटची वर्षं तो दुकानाच्या पायरीवर बसून माणसांना आवाजाने ओळखायचा. काळुरामाने धाकूला पोटच्या पोरासारखं वाढवलं ते तेव्हापासून.

दिवस गेले. ऑलिंपिक पुन्हा आलं, आणि थंडीत गोठलेली आपली अनवाणी पोरं युगोस्लाव्हियाकडून दहा गोल खाऊन परतली. त्या दिवशी काळुरामाने पेपर वाचलाच नाही. पाठोपाठ नियम निघाला की मोठ्या सामन्यांत बुटाशिवाय कोणी उतरायचं नाही. मी खिळ्यावर आनंदाने नाचलो असतो. काळुरामाने मात्र नियम छापलेलं ते पान चुलीत घातलं.

धाकू एकवीस वर्षांचा झाला तेव्हा दोन गोष्टी एकदम घडल्या. पहिली, त्याचे डोळे लाल होऊ लागले. दुपारी आगरातून वर आला की पाण्याच्या धारा लागायच्या. काळुरामाची बायको कमळाबाई त्याच्या डोळ्यांवर थंड पाण्याची पट्टी ठेवायची आणि नवऱ्याकडे न बघता म्हणायची, "मामंजींचं असंच सुरू झालतं." दुसरी गोष्ट, कल्याणच्या पल्याड एक नवा कारखाना उभा राहत होता. तिथल्या फुटबॉल संघासाठी खेळाडू निवडणार होते. निवड झाली की कारखान्यात कायमची नोकरी. छपराखालची नोकरी, जिथे मीठ नाही आणि ऊनही नाही. अट एकच: बूट हवेत.

निवडीची बातमी आली त्या दिवशी कमळाबाई पहिल्यांदा दुकानात सगळ्यांदेखत बोलली. "अवो, एकाला तरी मिठातून भायेर काढा. डोले हायत तवर काढा."

काळुरामाने मला खिळ्यावरून उतरवलं. माझा ऊर भरून आला. सहा वर्षांनी! पण मला हातात धरून तो म्हणाला, "घालंल की. सामन्याच्या दिवशी घालंल. बूट काय शिकायला लागतात? आडदांड गोऱ्यांना येतात ते माझ्या धाकूला नाय येनार?"

"चार दिवस सराव करू दे दादा," धाकू म्हणाला.

"कर ना. आगर सोडून कुठं पन कर."

कुठे करणार? बाकी सगळा चिखल, काटे आणि भाताच्या खाचरांचे बांध. धाकूने दोन दिवस रस्त्यावर पळून पाहिलं. तिसऱ्या दिवशी लोक हसायला लागले तेव्हा त्याने मला काढून ठेवलं.

इथे मी माझा गुन्हा कबूल करतो. सहा वर्षं वाऱ्यावर टांगून मी लाकडासारखा झालो होतो. भिवा चांभाराने मैदानावर घसरू नये म्हणून आमच्या तळाला चामड्याच्या पट्ट्या ठोकल्या, तेव्हा तोही म्हणाला, "याला तेल पाजा, भिजवा, पायावर वळू द्या. आठ दिवस तरी लागतील." हाती एकच दिवस उरला होता. कमळाबाईने तिन्हीसांजेला वाटीभर खोबरेल आणून आम्हांला चोळलं. मी अधाशासारखं प्यालो. मऊ हो, मऊ हो, असं मी स्वतःला विनवत होतो. पण सहा वर्षांची तहान एका वाटीने भागत नाही.

कल्याणच्या मैदानावर गर्दी जमली होती. निवड करायला हरिहरराव नावाचे चष्मेवाले गृहस्थ आले होते. धाकूने मला घातलं, नाडी आवळली आणि मैदानात उतरला. पहिल्या दहा मिनिटांतच मी त्याची टाच सोलली. माझी इच्छा नव्हती हो! मी जितका वळायला बघत होतो तितका चावत होतो. बॉल त्याच्याकडे यायचा आणि त्याच्या पायाला कळायचाच नाही. उघड्या पायाने बॉलशी बोलणारा पोरगा, आज त्याच्या आणि बॉलच्या मध्ये मी भिंत होऊन उभा होतो. तो दोनदा घसरला. एकदा समोर रिकामा गोल असताना त्याने बॉल आकाशात मारला.

बाहेरून काळुरामाचा आवाज सगळ्यांच्या वर चढत होता. मध्यंतरानंतर धाकूच्या बाजूला पेनल्टी मिळाली आणि कप्तानाने बॉल त्याच्या हातात दिला. बहुधा कीव येऊन. धाकूने बॉल ठेवला. माझ्या आत रक्त झिरपत होतं. मी प्राण पणाला लावून म्हटलं, एकदा. फक्त एकदा मला नीट लागू दे.

"काढ ते बूट!" काळुराम गरजला. "फेक त्या अमेरिकेला! तुझ्या पायानं मार! गोल बगून कोन नाय बोलतो ते मी बगतो!"

धाकूने भावाकडे पाहिलं. आयुष्यभर ज्याचं ऐकलं त्याचं आत्ता कसं मोडायचं? तो खाली बसला, नाड्या सोडल्या आणि आम्हांला बाजूला ठेवलं. पंचांची शिट्टी वाजतच होती. हरिहरराव उठून उभे राहिले होते. धाकू दोन पावलं मागे गेला, बॉलवर नजर ठेवून आला, आणि त्याच्या उघड्या डाव्या पायाने असा फटका मारला की कीपर जागचा हललाही नाही. जाळं मागून फुगलं. सारं मैदान ओरडलं. मी गवतात आडवा पडून ते पाहिलं. त्याहून सुंदर काही मी दोन खंडांत पाहिलं नाही.

हरिहरराव जवळ आले. आवाजात राग नव्हता. "काळुरामजी, असा गोल मी वर्षानुवर्षांत पाहिला नाही. पण पोराने पंचांची शिट्टी न मानता बूट काढले. मी त्याला घेऊ शकत नाही."

"गोल त झाला ना?" काळुराम म्हणाला. "डोल्यांनी बगितलात ना?"

"झाला," ते म्हणाले, आणि त्यांनी कागदावरच्या एका नावावर रेघ मारली.

परतताना आम्हांला कोणी शिवलं नाही. धाकूच मागे आला आणि त्याने आम्हांला नाड्यांनी बांधून खांद्यावर टाकलं. कमळाबाईने दारातच दोघांचे चेहरे पाहिले आणि ती आत जाऊन भाकऱ्या थापायला बसली.

त्यानंतर पेपर येत राहिला, पण वाचन बंद झालं. अमेरिका पाकिस्तानला शस्त्रं देणार अशी बातमी होती, तेव्हा लोक मुद्दाम चहाला आले, काळुराम आता काय बोलतो ते ऐकायला. तो म्हणाला, "मना काय कलतं त्यातलं?" आणि कप विसळत राहिला. मी खिळ्यावर वाट पाहत होतो. दे रे एखादी शिवी. ती आली नाही. शिव्यांशिवाय ते दुकान मला परक्याचं वाटू लागलं.

पुढच्या हंगामात धाकू आगरातच होता. त्याच्या पुढच्याही. दुपारी आला की आधी दाराची चौकट हाताने चाचपायचा आणि मग आत यायचा. कारखान्याची निवड दरवर्षी होत होती, आणि दरवर्षी काळुराम म्हणायचा, "फुडल्या साली बगू." ठाण्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसऱ्याला धुकं दिसतं, आणि मिठात पुन्हा पाय घालायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. काळुरामाने ते ऐकून घेतलं. डॉक्टरांच्या तोंडावर त्यांची चूक काढली नाही. मी त्याला ओळखतो, म्हणून सांगतो, ते गप्प बसणं फार भयंकर होतं.

घरी येऊन त्याने मला खिळ्यावरून काढलं. आठवडाभर रोज तेल पाजलं. रोज पाण्यात भिजवून, हाताने वळवून, रात्री कापडाचा बोळा घालून ठेवलं. मी लोण्यासारखा मऊ झालो. मग एका संध्याकाळी त्याने धाकूचा हात धरला आणि त्याला पडीक आगराच्या बांधावर नेलं. तिथे खाली बसून स्वतःच्या हाताने आम्हांला त्याच्या पायांत चढवलं.

"दादा, आगर हाय यो," धाकू म्हणाला.

"मेलाय तो," काळुराम म्हणाला. "उतर खाली."

सात पिढ्यांत पहिल्यांदा जोडा घातलेला पाय त्या तळावर पडला. तो मी होतो. यासाठी मी एवढी वर्षं तळमळलो होतो, आणि आता मला त्या पांढऱ्या तळावर पाऊल टाकवत नव्हतं.

गेलं वर्षभर रोज संध्याकाळी हेच चालतं. पांढऱ्या तळावर धाकूला बॉल दिसावा म्हणून काळुराम तो कंदिलाच्या काजळीने काळा करतो. "येत्या वैशाखात निवड हाय," तो सांगतो. "औंदा तुला कोन अडवतो तेच बगतो." मग बॉल हळूच ढकलतो आणि ओरडतो, "डावीकडं! आला! मार!" धाकू धावतो, मला मागे नेतो आणि सगळा जीव एकवटून फटका मारतो. मी हवेतून रिकामा फिरतो. बॉल वीतभर अंतरावरून निघून गेलेला असतो.

कालचीच गोष्ट. तसाच फटका, तसाच मी रिकामा. बॉल संथपणे घरंगळत गेला. काळुराम लगबगीने धावला, स्वतःच्या म्हाताऱ्या उघड्या पायाने बॉल गोलाच्या दोन बांबूंच्या मधून ढकलला आणि हात वर करून ओरडला, "गोल! धाकू, गोल रं! कोपऱ्यातनं घुसला!"

ज्या माणसाने कोणाची भीड म्हणून उभ्या जन्मात एक गोड शब्द उच्चारला नाही, सगळ्या जगाच्या तोंडावर खरं फेकलं, तो माणूस खोटं बोलत होता. आणि किती वाईट बोलत होता! आवाज फाटला होता त्याचा. त्याला वाटतं, बुटाच्या आतून पोराला काय कळतंय. कल्याणच्या मैदानावर तरी कुठे कळलं होतं!

पण मी आता मऊ झालोय हो. आता माझ्यातून सगळं कळतं, बॉल लागला की कळतं आणि नाही लागला की तेही कळतं. धाकूचा पाय माझ्यात क्षणभर निपचित झाला. मग त्याने काळुरामाच्या आवाजाकडे तोंड वळवलं आणि हसून म्हणाला, "हां दादा. मस्त बसला."

तुमच्यापैकी कोणाच्या घरी कोणी बूट टांगला असेल तर त्याला आजच खाली काढा. शिव्या द्यायला दुसरं काही शोधा. आणि कधी या रस्त्याने आलात, काळुरामाच्या हातचा चहा प्यालात, आणि त्याने तुम्हांला सांगितलं की माझ्या भावाने काल काय गोल मारलाय म्हणून, तर मान डोलवा. मी अमेरिका, तुमच्या पाया पडतो. धाकूला सगळं कळतं, हे खरं तेवढं त्याला सांगू नका.